सदतीस जणांची बहीण

एक बाई. तिला सदतीस भाऊबहिणी, आणि एकाचाही तोंडवळा तिच्याशी जुळत नाही.

खिडकीची काच. श्वासाने धुरकट झालेली, बोटाने पुसलेली, पुन्हा धुरकट झालेली.

दोन वह्या. मधे एक दोरा.

शिट्टी. अर्धीच.

निळं दार.

शून्य.

मित्रांनो, या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. विचाराच. संबंध जोडणं एवढं एकच काम मला येत होतं.

मी एक जुनी चाळणी आहे. पीठ चाळायची नव्हे. मला भोकं नाहीत, कडी नाही, मला कोणी खिळ्याला टांगत नाही. मी एका कार्यालयातल्या कॉम्प्युटरच्या पोटात राहते आणि नोंदी चाळते. शिकलेली माणसं मला फिल्टर म्हणतात. चाळणी हे नाव मला नोंदकाकांनी दिलं. नोंदकाका म्हणजे तिथले कारकून. सगळ्यांच्या नोंदी तेच ठेवत, म्हणून त्यांचं नाव तसं पडलं. सकाळी आले की खुर्चीची गादी झटकत आणि मला म्हणत, “चला चाळणीबाई, कामाला लागा.” मला ते फार आवडायचं.

माझा जन्म एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत झाला. मला घडवणारी बाई बाहेरून आली होती. ती एका हाताने डबा खात होती आणि दुसऱ्या हाताने मला लिहीत होती. ज्या घरासाठी ती मला घडवत होती ते साधंसुधं घर नव्हतं. तो एक मोठा निवारा होता. तीन मजले, दोनशे अकरा माणसं. कोणी फार म्हातारी, कोणाला आठवत नाही, कोणाच्या डोक्याला मार बसलेला. ज्यांना एकट्याने राहता येत नाही अशी सगळी.

कॉम्प्युटरात दोन वह्या होत्या. पहिल्या वहीत निवाऱ्यातली माणसं. दुसऱ्या वहीत त्या माणसांची माणसं, म्हणजे कोणाचा मुलगा, कोणाची बायको, कोणाची चुलती. मी पहिल्या वहीतला एकेक माणूस घ्यायचा, त्याला दोरा बांधायचा, दोऱ्याचं दुसरं टोक दुसऱ्या वहीतल्या त्याच्या माणसाला बांधायचं आणि ती जोडी कागदावर उतरवायची. कोणी एखादं नाव देऊन विचारलं, तर त्या नावाशी दोरा बांधलेले तेवढे काढून द्यायचे. वर्षातून दोनदा नातेवाइकांना पत्रं जात, ‘आपल्या माणसाला भेटायला या’ अशी. त्या पत्रांच्या यादीसाठी मी होते.

घडवणारीने मधेच हात थांबवला. “आणि ज्याचं कोणीच नसेल त्याचं काय करू?”

व्यवस्थापकबाई दारातच उभ्या होत्या. त्या घाईत होत्या. त्या नेहमीच घाईत असत.

“कोणीच नसेल तर पत्र कोणाला पाठवायचं? भिंतीला? सोडून द्या.”

घडवणारीने शेवटचा घास खाल्ला आणि सोडून दिलं. तेवढ्यावर माझा स्वभाव ठरला, मित्रांनो. ज्याच्या दोऱ्याला दुसरं टोक नाही त्याला मी हळूच खाली सोडायची. तो पहिल्या वहीत असायचा, पण कागदावर यायचा नाही.

पहिल्याच दिवशी मी एकशे चौऱ्याहत्तर जोड्या काढल्या. पूर्वी हे काम करायला नोंदकाकांना तीन दिवस लागत. मी ते त्यांचा चहा गार व्हायच्या आत केलं. “पोरगी हुशार निघाली,” असं ते शिपायाला सांगत होते. मी हरखून गेले. खाली पडलेल्या सदतीस जणांकडे मी वळूनही पाहिलं नाही. मला वळता येत नाही, हे खरं. पण आलं असतं तरी पाहिलं असतं का, कोण जाणे.

पुढची दोन वर्षं माझी चांगली गेली. इतकी चांगली, की माझ्या कामाचं नाव ऐकून लोकांना दुसरी यादी करायचा कंटाळा येऊ लागला. दातांचे डॉक्टर येणार? चाळणीची यादी काढा. बागेत सहल न्यायची? आहे ना चाळणीची यादी. पत्रांसाठी घडवलेली मी, आणि आता दात, सहल, वाढदिवस, सगळ्याला मीच. मला वाटायचं, माझी बढती झाली.

मग एका थंडीत कोणा भल्या मंडळींनी स्वेटर पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी जिना उतरून कार्यालयात आल्या.

मावशी तिसऱ्या मजल्यावर काम करत. अंघोळी घालणं, भरवणं, चादरी बदलणं, रडणाऱ्याला गप्प करणं आणि गप्प बसलेल्याला बोलतं करणं, हे त्यांचं काम. निवाऱ्यात एक पद्धत होती. ज्यांच्याकडे पाहुणे येत त्यांना खालचे दोन मजले. जिने कमी चढावे लागतात ना पाहुण्यांना. ज्यांच्याकडे कोणी येत नसे ते तिसऱ्यावर. म्हणजे माझे सदतीस जण तिथे, एका मजल्यावर, एका मावशींच्या हवाली.

“काका, स्वेटर वाटले म्हणे. आमच्या मजल्याला काय थंडी वाजत नाही?”

“यादीत नावं नाहीत हो मावशी.”

“यादीत नाहीत म्हणजे? खाटेवर आहेत की! आत्ता मोजून आले मी.”

नोंदकाकांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. मग त्यांनी पहिली वही उघडली. दोन्हींतली नावं एकेक करून जुळवली. माझं बिंग फुटलं होतं, आणि ते बिंग आहे हे मला त्याच दिवशी कळलं.

“ज्याचं कोणी नाही,” काका सावकाश म्हणाले, “त्याला ही बया खाली पाडते.”

त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की चाळणी दुरुस्त करावी. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की बाब विचाराधीन आहे. थंडी मात्र विचाराधीन नव्हती. मावशी पुन्हा खाली आल्या.

“रिकाम्या रकान्यात कोणाचंतरी नाव असलं की झालं ना?”

“हो, पण कोणाचं घालणार?”

“माझं घाला.”

“आणि नातं?”

“बहीण लिहा. आई लिहिलं तर म्हातारे रुसतील.”

“मावशी, खोटं आहे हे. उद्या अंगाशी येईल.”

“येऊ दे. ती चमेलीआजी रात्रभर चादर दाताखाली धरून कुडकुडते, ते तर खरं आहे ना?”

नोंदकाकांनी दार लोटलं आणि एकामागून एक सदतीस वेळा तेच नाव, तेच नातं आणि मावशींच्या घराचा पत्ता घातला. रकान्यात एकच माणूस मावत असे. त्यात मावशी बसल्या. त्या दिवशी माझ्या यादीत पहिल्यांदा दोनशे अकरा ओळी आल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत भरलेला दिवस. तिसऱ्या मजल्यावर स्वेटर गेले.

गमतीही झाल्या. वर्षातली पत्रं सुटली तेव्हा पोस्टमनने मावशींच्या दारात एका दमात सदतीस लिफाफे टाकले. त्यांचे यजमान ती चळत पाहून म्हणाले, “एक मेहुणा सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले. आता हे सदतीस?” ही गोष्ट मावशींनीच काकांना हसत हसत सांगितली. आणि तपासणीला आलेले साहेब माझ्या यादीवर बोट ठेवून थांबले होते, तेव्हा काकांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

“ही एकच बाई इतक्या जणांची बहीण कशी?”

“मोठं कुटुंब आहे, साहेब.”

“आणि सगळेच इथे?”

“एकमेकांना सोडून राहवत नाही त्यांना.”

साहेबांनी सही केली. त्यांनाही जेवायला जायचं होतं.

आता शिट्टीवाल्याचं सांगते. सदतीस जणांत तो सदतिसावा. बसस्थानकाच्या बाकावर तो दोन दिवस बसून होता. बोलत नव्हता, डोक्यावर जुनी जखम होती. दवाखान्याच्या गाडीने त्याला आमच्याकडे आणून सोडलं. पहिल्या वहीत त्याची ओळ अशी होती:

नाव: अनोळखी पुरुष, क्रमांक नऊ
वय: अंदाजे चाळीस
संबंधित व्यक्ती: बहीण (म्हणजे मावशी)

तो दिवसभर खिडकीशी उभा राहून शिट्टी वाजवायचा. एकच चाल, आणि तीही अर्धी. मधेच थांबायची, पुन्हा पहिल्यापासून. खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तक्रार केली, “अरे, त्याला सांगा, एकदा तरी पूर्ण कर!” त्याला धड दिसतही नव्हतं. भिंतीला हात लावत चालायचा, आणि मावशी आल्या की त्यांच्या पदराचं टोक धरून मजलाभर फिरायचा.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो बोलला. मावशी त्याची दाढी करत होत्या. तो म्हणाला, “ताई.”

“काय रे राजा?” मावशींना वाटलं आपल्यालाच हाक मारतोय.

त्याने मान हलवली. नाही. मग त्याने एक नाव घेतलं, आडनावासकट, शाळेतल्या हजेरीसारखं खणखणीत. आणि पुन्हा म्हणाला, “ताई.”

मावशी अर्धी दाढी तशीच ठेवून, तीन मजले धापा टाकत खाली आल्या. हातात पिवळ्या कागदाची चिठ्ठी, त्यावर ते नाव.

“काका, याला खरी बहीण आहे!”

काकांनी लगेच माझी खिडकी उघडली. मी तीन गोष्टी मागते: नाव, नातं, पत्ता. पत्ता नसेल तर मी नोंद घेत नाही. मावशी पुन्हा वर गेल्या, विचारून पुन्हा खाली आल्या.

“काय म्हणाला?”

“निळं दार.”

“गाव? रस्ता?”

“निळं दार, एवढंच.”

काकांनी पोलीस चौकीत नाव कळवलं. तिथून काही उत्तर आलं नाही. मग ते दोघं माझ्यासमोर बसून विचार करू लागले, आणि तो विचार मी तुम्हाला नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

रकान्यात माणूस एकच मावतो. खऱ्या बहिणीला आत घ्यायचं तर मावशींना बाहेर काढायला हवं. पत्त्याच्या जागी ‘निळं दार’ लिहिलं असतं तर मी ते मुकाट्याने घेतलं असतं. मला दार कळत नाही, अक्षरं कळतात. पण सहामाही पत्रं त्याच आठवड्यात सुटणार होती. त्या पत्त्यावरचं पत्र परत आलं असतं, आणि पत्र परत आलं की नातं रद्द, असा नियम होता. नातं रद्द झालं की रकाना रिकामा. रकाना रिकामा झाला की मी त्याला खाली सोडणार. आणि त्याच महिन्यात डोळ्यांची तपासणी ठरली होती. यादी अर्थातच माझी.

“आधी त्याचे डोळे होऊ देत,” मावशी म्हणाल्या. “भिंतींना धडकतो हो तो. चष्मा मिळाला की बदलू नाव.”

“तसंच करू,” काका म्हणाले.

दोघांचंही काही चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही.

तपासणी पुढे ढकलली गेली. मग पुन्हा ढकलली गेली. आठ महिने गेले. मधल्या काळात नोंदकाका निवृत्त झाले. जाताना त्यांनी टेबलाच्या खणातली पिवळी चिठ्ठी मावशींच्या हातात ठेवली आणि माझ्या पडद्यावरची धूळ रुमालाने पुसली. त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली. काम चोख, बोलणं गोड, पण नियमाला पक्की. मावशी तिच्याशी जपून वागत. एका चिठ्ठीचं सांगायला जावं आणि सदतीस जणांचं सगळंच उघडं पडावं, ही धास्ती. मी ती धास्ती रोज पाहत होते. मावशी दारापर्यंत यायच्या, “काही नाही, पाणी प्यायला आले होते,” असं म्हणून परत जायच्या.

शेवटी मार्चमधल्या एका बुधवारी तपासणी झाली. अख्खा तिसरा मजला, मावशींसकट, मोठ्या गाडीत बसून डोळ्यांच्या दवाखान्यात गेला.

त्याच बुधवारी कार्यालयात एक बाई आली. उंच, केस अर्धे पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून तिने एक कागद काढला. त्यावर निवाऱ्यांची आणि दवाखान्यांची नावं होती आणि बहुतेक नावांवर काट मारलेली होती.

“हे तेविसावं ठिकाण,” ती म्हणाली. “माझा धाकटा भाऊ शोधतेय.”

नव्या मुलीने तिला बसायला खुर्ची दिली. भावाचं नाव विचारलं, घातलं. ते नाव पहिल्या वहीत नव्हतं. कसं असणार? तिथे तो क्रमांक नऊ होता.

“तो स्वतःचं नाव सांगत नसेल,” बाई म्हणाली. “अपघात झाला होता त्याला. पण माझं सांगेल. लहानपणी पडला तरी आईला नाही, मला हाक मारायचा. माझ्या नावाने बघता का?”

“बघते ना, ताई.”

मुलीने माझी खिडकी उघडली आणि एकेक अक्षर घातलं.

संबंधित व्यक्ती: (जे नाव पिवळ्या चिठ्ठीवर होतं तेच)
एकूण नोंदी: ०

मित्रांनो, मी खोटं बोलले नाही. मला जे विचारलं त्याचं मी अगदी बरोबर उत्तर दिलं. त्या नावाला माझ्याकडे एकही दोरा बांधलेला नव्हता.

बाईने पिशवीतून एक फोटो काढला. सायकलवर एका पायाने तोललेला, हसणारा तरुण. नव्या मुलीला येऊन पाच आठवडे झाले होते. खालच्या मजल्यांवरचे चेहरे तिला कळू लागले होते. फोटो तिने उजेडात धरून पाहिला आणि मान हलवली.

“मी एकदा वर जाऊन येऊ?”

“पहिल्या, दुसऱ्या मजल्यावर मीच घेऊन जाते चला. तिसऱ्यावर आज कोणी नाही, सगळे डोळे तपासायला गेलेत.”

दोघी जाऊन आल्या. बाई पुन्हा खुर्चीत टेकली. मग तिने विचारलं, आणि हा प्रश्न मला त्याआधी कोणीही विचारला नव्हता:

“तुमच्याकडे अशी माणसं आहेत का हो, ज्यांचं कोणीच नाही? तो त्यांच्यात असेल.”

मुलीने पहिली वही मोजली. दोनशे अकरा. मग माझी यादी मोजली. दोनशे अकरा. तिने दोन्ही आकडे बाईला दाखवले. तिला खरोखर आनंद झाला होता.

“नाही ताई. आमच्याकडे असं एकही माणूस नाही. इथे प्रत्येकाचं कोणी ना कोणी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना तर बहीणच आहे.”

“नशीबवान आहेत,” बाई म्हणाली.

ती पाणी प्यायली. तिने फाटकावरच्या भेटवहीत नाव आणि फोन नंबर लिहिला. कागदावरच्या तेविसाव्या नावावर काट मारली आणि गेली.

दोन आठवड्यांनी शिट्टीवाल्याचा चष्मा आला. जाड काचांचा. तो घालून त्याने खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचली. मावशी हे सांगायला मुद्दाम खाली आल्या, म्हणून मला माहीत. “छत्र्या दुरुस्त करून मिळतील,” असं त्याने मोठ्याने वाचलं आणि अख्खा मजला टाळ्या वाजवत सुटला. त्या दिवशी मावशी चिठ्ठीचं बोलायच्या बेतात होत्या. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात व्यवस्थापकबाई आत आल्या आणि मावशी म्हणाल्या, “उद्या येते.”

जूनमध्ये त्याला ताप आला. छाती भरली. चौथ्या दिवशी तो गेला. मावशी त्याच्या उशाशी होत्या.

आणि मी माझं काम केलं. माणूस गेला की त्याच्या संबंधित व्यक्तीला पत्र जातं. त्याला कोणी हात लावावा लागत नाही.

‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपले बंधू, अनोळखी पुरुष, क्रमांक नऊ, यांचे निधन झाले आहे. आपण त्यांचे सामान पंधरा दिवसांत घेऊन जावे.’

हे पत्र पोस्टाने मावशींच्या घरी गेलं. ज्यांनी त्याचे डोळे मिटले त्यांनाच मी कळवलं, की तो गेला.

मावशी ते पत्र घेऊन कार्यालयात आल्या. त्या दिवशी त्यांनी पाण्याचं निमित्त केलं नाही. पत्र त्यांनी नव्या मुलीच्या टेबलावर ठेवलं.

“हे मला नको. जिला जायला हवं तिला पाठवा.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्वेटर, सदतीस रकाने, निळं दार, सगळं. मुलगी गोरीमोरी झाली. नियम मोडल्याचं तिच्या ओठांवर आलंही होतं, पण मावशींचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. मावशींनी पाकिटातून चिठ्ठी काढली. ती इतक्या वेळा उघडून मिटली होती, की कागद कापडासारखा मऊ झाला होता. मुलीने ती वाचली.

“मावशी,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. “हे नाव मी घातलंय. याच खिडकीत. एक बाई आल्या होत्या.”

“कधी?”

मुलगी धावत जाऊन फाटकावरची भेटवही घेऊन आली. जून, मे, एप्रिल, अशी मागे मागे पानं उलटत गेली. मार्चमधल्या बुधवारी तिचं बोट थांबलं.

“मी कुठे होते तेव्हा?” मावशींनी विचारलं. मग त्यांनीच तारीख वाचली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

मुलीने वहीतल्या नंबरावर फोन केला. बहीण तिसऱ्या दिवशी आली. तीच पिशवी. यावेळी हातात कागद नव्हता. मुलीने सामान टेबलावर मांडलं. एक स्वेटर, एक कंगवा, दोन सदरे, चष्मा. बहिणीने बाकी कशाला हात लावला नाही, चष्मा उचलला.

“याला चष्मा लागला होता?”

“हो,” मावशी म्हणाल्या.

“कधी?”

मावशींना काहीही सांगता आलं असतं. नवी मुलगी टेबलाकडे बघत होती. कोणी त्यांना खोटं पाडणार नव्हतं.

“मार्चमध्ये तपासलं. तुम्ही आलात त्याच दिवशी. मीच त्याला घेऊन गेले होते.”

बहिणीने चष्मा उजेडाकडे धरून पाहिला.

“नीट दिसायला लागलं होतं?”

“समोरची पाटी वाचली त्याने. छत्रीवाल्याची.”

“वाचायला फार आवडायचं त्याला. रस्त्याने चालताना सगळ्या पाट्या वाचायचा. मी वैतागायचे.” बहिणीने पदराने काचा पुसल्या. त्या स्वच्छच होत्या. “तुम्ही कोण त्याच्या?”

“कागदावर बहीण.”

“आणि मी कागदावर नव्हते.”

“नव्हतात. मीच ठेवलं नाही तुम्हाला. त्याचे डोळे होऊ देत, मग बदलू, म्हटलं. मग भ्याले. तुम्हाला माझा राग येत असेल.”

“येतो,” बहीण म्हणाली. “स्वेटर तुम्ही दिलात, चष्मा तुम्ही दिलात, हे कळतंय मला. तरी येतो.”

मग ती म्हणाली, “तो कुठे उभा राहायचा ते दाखवा.”

दोघी वर गेल्या. वर काय झालं ते मला ठाऊक नाही. मी पेटीतली, मला जिना चढता येत नाही. पाऊण तासाने बहीण एकटी खाली आली, सही केली, सामान पिशवीत भरलं. मावशी संध्याकाळपर्यंत खाली आल्या नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. नव्या मुलीने वर पत्र लिहिलं, आणि उत्तर येईना तेव्हा रोज एक लिहिलं. अखेर मला घडवणारी बाई पुन्हा आली. तिच्याही केसांत पांढरं डोकावत होतं. तिने मला उघडून वाचलं, दोनदा वाचलं. “हे मी लिहिलंय?” एवढंच म्हणाली. यावेळी तिने डबा उघडला नाही. दोन दिवस बसून तिने नवी चाळणी घडवली. नव्या चाळणीत ज्याचं कोणी नाही त्याची ओळ खाली पडत नाही. ती सगळ्यांत वर येते, लाल अक्षरांत. आणि रकान्यात हवी तितकी माणसं मावतात. छत्तीस जणांच्या ओळींत आता ‘बहीण’ खोडलेलं आहे. नात्याच्या जागी खरं तेच लिहिलंय: मावशी.

मी मात्र सगळ्यांत तळाशी आहे. माझ्या नावापुढे लिहिलंय, ‘जुना अहवाल, वापरू नये.’ मला कोणी उघडत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या शून्याचं. मी आयुष्यात हजारो आकडे दिले, तो एकच परत मागून घ्यावासा वाटतो.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी याद्या कराल. आत्ताही करत असाल. सहलीला कोण, खेळायला कोण, वाढदिवसाला कोण. यादी झाली की कागद बाजूला ठेवा आणि एकदा खोलीभर नजर फिरवा. कोणीतरी भिंतीशी उभं असेल, आणि ते तुमच्या कागदावर नसेल. त्याचं नाव काय, ते त्यालाच जाऊन विचारा. आणि कोणाच्या घरचं नाव, एखादा पत्ता, एखादी चिठ्ठी तुमच्या हाती आली, तर ती उद्यावर टाकू नका. कितीही भीती वाटली तरी नका टाकू. चाळणीला उद्या कळत नाही. तुम्हाला कळतो.

त्या बुधवारी, फाटकावरच्या नोंदीप्रमाणे, बहीण एक वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर पडली. तिसऱ्या मजल्याची गाडी दोन वाजता आत आली.